दुष्काळ तिघांचा, उपासमार एकाची

२०१० च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत पावसाने दगा दिला आणि २०११ च्या पुढच्या हंगामातही तो जेमतेमच झाला. इथिओपियाचा आग्नेय भाग, केनियाचा उत्तर भाग आणि सोमालियाचा दक्षिण भाग असा सलग पट्टा करपला. तिन्हीकडे गुरं मेली, तिन्हीकडे धान्याचे भाव चढले, तिन्हीकडे लोकांनी घरं सोडली. पण २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ‘फॅमिन’ जाहीर केलं ते फक्त दक्षिण सोमालियात, आणि तिथेही आधी दोनच भागांत: दक्षिण बाकूल आणि खालचा शबेले. नंतर झालेल्या अभ्यासानुसार सोमालियात नेहमीपेक्षा सुमारे २ लाख ५८ हजार जास्त मृत्यू झाले. त्यातली निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुलं होती.

(मराठीत ‘दुष्काळ’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. पाऊस पडला नाही तरी दुष्काळ आणि माणसं भुकेने मेली तरी दुष्काळ. त्यामुळे पहिल्यातून दुसरा आपोआप निघतो असं बोलताबोलताच गृहीत धरलं जातं. या लेखात मी न पडलेल्या पावसाला दुष्काळ आणि मरणाऱ्या माणसांच्या संदर्भात उपासमार म्हणणार आहे.)

दुष्काळ तिघांचा होता, मग उपासमार एकाचीच का? दक्षिण सोमालियावर अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाचा ताबा होता. त्यांच्या धमक्या, खंडण्या आणि हल्ल्यांमुळे जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी २०१० मध्येच तिथलं काम थांबवलं होतं. दुसरीकडे अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांची भीती अशी होती, की एखादं पोतं चुकीच्या हातात गेलं तर मदतसंस्थेवरच खटला व्हायचा. दोन्ही बाजूंनी दारं बंद, आणि मध्ये माणसं. इथिओपियात सरकारी कामावर धान्य किंवा रोख देणारी योजना २००५ पासून चालू होती, तिचा हात या वर्षी लांबवता आला. केनियाच्या उत्तर भागात हाल झाले, पण रस्ता उघडा होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. एखाद्या प्रदेशाची भूक त्याच्या मातीवरून आणि पावसावरून सुरू होते, पण ती कुठपर्यंत जाईल हे तो प्रदेश धान्यापासून, बाजारापासून आणि निर्णय घेणाऱ्यांपासून किती लांब आहे यावर ठरतं. हे अंतर माणसांनी तयार केलेलं असतं. तरीही भुकेवरची बहुतेक चर्चा दोनच टोकांना अडकते. एकीकडे ‘उत्पादन वाढवा’, दुसरीकडे ‘लोकसंख्या आवरा’. जगात आज वर्षाला २८० कोटी टनांहून जास्त तृणधान्य पिकतं. ८०० कोटी माणसांत वाटलं तर प्रत्येकी रोज जवळजवळ एक किलो येतं. त्यातलं बरंच गुरांच्या आणि कारखान्यांच्या तोंडी जातं हे खरं, पण निव्वळ कमतरतेचा युक्तिवाद एवढ्यावरच लंगडा पडतो.

भूगोलाला मी कमी लेखत नाही. आफ्रिकेत सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरवर त्सेत्से माशीचा वावर आहे. ती चावली की गुरांना जीवघेणा रोग होतो. म्हणजे तिथल्या मोठ्या भागात बैल टिकत नाही, बैल नाही तर नांगर नाही, शेणखत नाही, आणि सगळी मशागत बाईच्या हातातल्या कुदळीवर. सहाराच्या दक्षिणेकडे लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास जमिनीला सिंचन आहे, बाकी सगळं आभाळाकडे तोंड करून. एल निन्योच्या वर्षी आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग कोरडा पडतो आणि पूर्व भागात पूर येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत झांबिया, मलावी, झिंबाब्वे या पट्ट्यात मक्याला नेमका तुरा यायच्या वेळी पाऊस गेला. मका त्या दिवसांत पाण्याचा खंड सहन करत नाही, पुढे कितीही पाऊस पडो. हे सगळं प्रादेशिक आहे आणि खरं आहे. पण इथपर्यंत आपण पीक का गेलं एवढंच सांगितलं. माणूस का उपाशी राहिला हे अजून सांगितलेलं नाही.

त्यासाठी इथिओपियाच्याच वोलो प्रांतात, १९७३ मध्ये जावं लागतं. अमर्त्य सेन यांनी या उपासमारीचा हिशोब मांडला तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. एक, त्या वर्षी देशाचं एकूण अन्नोत्पादन फार घसरलेलं नव्हतं. दुसरी जास्त चक्रावणारी. वोलोतल्या देसिये या शहराच्या बाजारात धान्याचे भाव नेहमीच्या आसपासच होते, आणि काही धान्य तर वोलोतून बाहेर, आदिस अबाबा आणि अस्मराकडे चाललं होतं. भाव चढण्यासाठी मागणी लागते, आणि मागणीला खिशात पैसा लागतो. वोलोच्या शेतकऱ्याचं पीक गेलं, म्हणजे त्याचं जेवण गेलं आणि विकायचा मालही गेला. तो बाजाराच्या दृष्टीने नाहीसाच झाला. व्यापाऱ्याने काही पाप केलं असं नाही. त्याने माल जिथे भाव होता तिथे नेला. राजधानीत बसलेल्याला भावाच्या तक्त्यात काहीच दिसलं नसतं, आणि दिसलं नाही.

गुराखी समाजांत हीच गोष्ट आणखी क्रूर होते. सोमालियापासून सेनेगलपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात लाखो कुटुंबं शेळ्या, उंट, गुरं पाळून जगतात. ती रोज मांस खातात असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ती जनावर विकून धान्य घेतात, कारण त्याच पैशात धान्यातून कितीतरी जास्त पोट भरतं. आता बाजाराच्या दिवशी काय होतं ते पाहा. समजा बऱ्या वर्षी एका शेळीला दोन पोती ज्वारी मिळते. पाऊस गेला, चारा संपला. शेळी रोडावली म्हणून तिची किंमत उतरली. सगळ्यांनीच विकायला काढल्या म्हणून आणखी उतरली. तिकडे ज्वारी कमी पिकली म्हणून ती महागली. एका शेळीला आता अर्धं पोतं येतं. कुटुंबाने तेवढंच धान्य घ्यायचं ठरवलं तर चौपट शेळ्या विकाव्या लागतात, म्हणजे पुढच्या वर्षाचं दूध आणि पुढच्या वर्षाच्या करडांची आई आजच विकली जाते. पाऊस परत येतो तेव्हा गवत उगवतं, पण चरायला दावणीला काही उरलेलं नसतं. एका शेळीला किती धान्य येतं हा ‘शेळी-धान्य भाव’ सरकारी आकडेवारीत सहसा ठळकपणे छापला जात नाही. माझ्या मते त्या पट्ट्यात तो पावसाच्या मिलिमीटरांइतकाच महत्त्वाचा आहे, आणि मोजायला कितीतरी सोपा. इशारा देणाऱ्या संस्था तो मोजतात. निर्णय घेणारे तो वाचतात का, हा प्रश्न आहे.

साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या पट्ट्यातल्या, शेतकऱ्याचं दुःख वेगळ्या धाटणीचं. तिथे वर्षातून एकदाच पीक, ऑक्टोबरच्या सुमाराला. खळ्यावरून बाजरी निघाली की सावकार दारात उभा असतो, पोराच्या आजारपणाचं देणं असतं, लग्न असतं. म्हणून भाव तळाला असताना तो विकतो. जून ते सप्टेंबर या पेरणीपासून कापणीपर्यंतच्या महिन्यांत घरची कणगी रिकामी होते आणि तीच बाजरी तो चढ्या भावाने परत घेतो. नेमके हेच महिने पावसाचे, म्हणजे मलेरियाचे आणि जुलाबाचे, आणि शेतातल्या सगळ्यांत जड कामाचे. बाईला मुलाला दिवसातून चारदा भरवायला वेळ नाही, भरवायला फारसं काही नाही, आणि भरवलेलं पोटात टिकत नाही. फ्रेंच बोलणाऱ्या प्रदेशात या काळाला ‘सूद्यूर’ म्हणतात, जुन्या पिकाला नवं पीक जोडणारा सांधा. दरवर्षी तो सांधा निखळतो, आणि तरीही दरवर्षी तो ‘संकट’ म्हणून नव्याने जाहीर होतो.

२००५ मध्ये नायजरमध्ये हे सगळं एकदम वर आलं, आणि सगळ्यांत जास्त कुपोषित मुलं कुठे दिसली? मारादीत. मारादी हा नायजरचा पिकाऊ प्रदेश, देशाच्या धान्याची कोठी. तिथला बाजार मात्र सीमेपलीकडच्या उत्तर नायजेरियाशी बांधलेला. तिकडे पैसा जास्त, मागणी जास्त, म्हणून धान्य तिकडे ओढलं जात होतं. त्याच वर्षी शेजारच्या काही देशांनी धान्य बाहेर जाऊ न देण्याचे निर्बंध घातले, त्यामुळे नायजरच्या व्यापाऱ्यांची नेहमीची खरेदी अडली. मालीमध्ये तर अभ्यासकांनी याला नावच दिलंय: सिकासोचा विरोधाभास. सिकासो हा मालीतला सर्वांत जास्त पावसाचा, कापसाचा, फळफळावळीचा भाग, आणि तिथल्या मुलांतलं कुपोषण कोरड्या उत्तरेपेक्षा कमी असायला हवं तर ते तसं नाही. कारणांवर वाद आहेत. कापसाचा पैसा पुरुषाच्या हातात जातो, बाईचा दिवस शेतात जातो, मुलाच्या ताटात एकच एक धान्य असतं, पाणी दूषित असतं, दवाखाना लांब असतो. थोडी थोडी सगळीच खरी असावीत. उत्पादन वाढवा म्हणणाऱ्यांनी सिकासोला एकदा उत्तर द्यायला हवं, कारण तिथे उत्पादन वाढलेलंच आहे.

हा गरीब देशांचाच विषय आहे असं वाटत असेल तर कॅनडाचा उत्तर ध्रुवाकडचा नुनावुत हा प्रदेश पाहावा. कॅनडा हा जगातल्या बड्या धान्य निर्यातदारांपैकी एक. नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत आणि त्यातल्या एकीलाही बाहेरून रस्ता नाही. जड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने, बाकी सगळं विमानाने. निम्म्याहून जास्त घरं तिथे अन्नाच्या बाबतीत असुरक्षित मोजली गेली आहेत. दुकानात फळं-भाज्या येतात, महाग आणि दमलेल्या. सरकार अनुदान देतं, पण ते दुकानदारामार्फत, आणि ते गिऱ्हाइकापर्यंत पूर्ण पोचतं का यावर वर्षानुवर्षं भांडण आहे. तिथल्या मूळ रहिवाशांचं, इनुइटांचं, पारंपरिक अन्न म्हणजे सील, कॅरिबू, मासे. त्यांच्या शिकारीला आता बर्फावरची गाडी, इंधन आणि काडतुसं लागतात, आणि समुद्राचा बर्फ उशिरा धरू लागल्याने जायची वाटही भरवशाची राहिली नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी फिरत्या माणसांना एका जागी वसवलं ते सरकारनेच. भूगोल तोच होता, अंतर नंतर तयार झालं.

बंदराचं तसंच. येमेन आपला बहुतेक गहू आयात करतो, आणि आयातीचा मोठा वाटा होदेदा या एका बंदरातून येतो. ऑगस्ट २०१५ मध्ये हवाई हल्ल्यांत त्या बंदरातल्या क्रेन मोडल्या. बंदर उडालं नाही, धक्का जागेवर राहिला, फक्त जहाजातून माल उतरवायची सोय गेली. जहाज ज्याला आपल्या क्रेन आहेत तेच लवकर रिकामं व्हायचं, बाकीची ताटकळायची, आणि ताटकळलेल्या जहाजाचं भाडं शेवटी पिठाच्या भावात उतरायचं. ज्यांना समुद्रच नाही अशा विकसनशील देशांची संख्या ३२ आहे. त्यांचं बंदर दुसऱ्याच्या देशात असतं. २००२ मध्ये त्यांच्यापैकीच एका, मलावीत, तुटवडा आला तेव्हा राखीव साठा आधीच्या वर्षी विकून टाकलेला होता. साठा ठेवणं खर्चाचं आहे, तो कमी करा, असा सल्ला नाणेनिधीचाही होता. शिवाय कंदमुळांच्या पिकाचा अंदाज फुगवलेला होता, म्हणून एकूण बेरजेत अन्न पुरेसं दिसत होतं. चूक कळून मका मागवला तर तो शेजारी देशांच्या रस्त्यांवर आणि रेल्वेत अडकला. मलावीसारख्या देशात राखीव साठ्याचा खर्च म्हणजे उधळपट्टी असं ज्याला वाटतं, त्याने तो मका किती आठवडे वाटेत होता याचा हिशोब मांडायला हवा.

मुक्त बाजाराचे समर्थक इथे म्हणतील की सीमा उघड्या ठेवा, धान्य आपोआप वाहील. अर्धं बरोबर आहे. २००७-०८ मध्ये भारत आणि व्हिएतनामने तांदळाची निर्यात रोखली आणि काही महिन्यांत जागतिक भाव जवळजवळ तिप्पट झाले, जगात तांदळाचं पीक चांगलं असताना. मग जपानच्या गोदामांत पडून असलेला आयात तांदूळ बाहेर काढायची नुसती बातमी आली आणि भाव उतरू लागले. त्यातला फारसा तांदूळ हललाही नाही. निर्यातबंदी करणारं सरकार आपल्या मतदाराला वाचवतं आणि बिल दुसऱ्या खंडातल्या बाईच्या पदरात टाकतं. यात आपणही आहोत. भारताचा तांदळाच्या जागतिक निर्यातीतला वाटा सुमारे ४० टक्के, आणि जुलै २०२३ मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात पुन्हा बंद केली. आपला साठा भरलेला असतानाही. आपल्याकडे त्यावर जी चर्चा झाली ती शेतकऱ्याचा तोटा आणि शहरातली महागाई यापुरती. आपल्या तांदळावर जगणाऱ्या पश्चिम आफ्रिकेचं नाव क्वचितच निघालं.

पण उरलेल्या अर्ध्याचं काय? हैतीने १९९५ मध्ये तांदळावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. अमेरिकेचा अनुदानित तांदूळ आला, स्वस्त होता, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या गरिबाने तो घेतला, त्याला दोष कोण देणार? आर्तिबोनित खोऱ्यातला भातशेतकरी मात्र शेतीतून उठला. मार्च २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर ही चूक होती असं कबूल केलं. तोवर पंधरा वर्षं गेली होती. दार उघडं असणं आणि दारातून कोण ढकललं जातंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीमंत देशाने अनुदान द्यायचं आणि गरीब देशाने शुल्क काढायचं, याला खुला व्यापार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मोजणीतही हीच गफलत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातले ८.२ टक्के, म्हणजे ६७ कोटींच्या आसपास लोक भुकेले होते, आणि हा आकडा आधीच्या वर्षापेक्षा थोडा उतरला. बातम्यांत आलं तेही तेवढंच. त्याच अहवालात आफ्रिकेतलं प्रमाण २० टक्क्यांच्या वर आणि चढतं आहे, पश्चिम आशियातही चढतं आहे. एका ठिकाणचा उतार दुसऱ्या ठिकाणच्या चढावावर पांघरूण घालतो. देशाच्या आत गेलं की पांघरूण आणखी जाड. जे मोजमाप खरोखर उपासमार ओळखतं ते जिल्हा, तालुका, कधी कधी एखादी छावणी एवढ्या पातळीवरच काम करतं. पाचपैकी एका घरात खायला जवळपास काही नाही, शंभरातली तीस मुलं तीव्र कुपोषित, दर दहा हजारांत रोज दोन मृत्यू, अशा तिहेरी कसोटीवर ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानच्या उत्तर दारफूरमधली झमझम ही एक छावणी उतरली. जवळच्या अल-फाशर शहराला वेढा होता. पुढे त्या शहरात लोक ‘अंबाझ’ खात होते, म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली, जनावरांना घालायची पेंड. सुदान हा एकेकाळी अरब जगाचं धान्यकोठार होणार असं म्हटलं जायचं.

आणि कसोटी उतरेपर्यंत थांबायचं? मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची एक साधी रंगीत पट्टी असते. हिरवा, पिवळा, लाल. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली गेला की लाल. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंड एवढा बारीक म्हणजे त्याची जाडी चार सेंटिमीटरही नाही. पट्टी लाल दाखवते तेव्हा शेळ्या विकून महिने लोटलेले असतात. सोमालियात मेलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसं २०११ च्या घोषणेआधीच गेलेली होती. म्हणून माझा आग्रह आहे की पैसा पट्टीवर नव्हे, शेळी-धान्य भावावर, मजुरीवर आणि रस्ता किती खुला आहे यावर सुटावा. एखाद्या प्रदेशात हे तीन आकडे ठरलेल्या रेषेखाली गेले की देशाच्या सरासरीची वाट न पाहता, राजधानीची परवानगी न मागता त्या प्रदेशाला रोख आणि काम मिळावं.

हे स्वप्नरंजन नाही. बोत्स्वाना हा भूवेष्टित, बराचसा वाळवंटी देश. तिथे १९८२ ते १९८७ अशी सलग दुष्काळी वर्षं गेली, पिकं गेली, गुरं गेली. सरकारने गावोगाव मजुरीची कामं काढली, शाळांत आणि दवाखान्यांत मुलांना खाऊ घातलं, वजनं घेतली. उपासमारीचे बळी पडले नाहीत. यावर ठरलेला आक्षेप येतो: त्यांच्याकडे हिरे होते. होते. हिरे सिएरा लिओनमध्येही होते. बोत्स्वानात निवडणुका होत्या, विरोधी पक्ष होता, आणि दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाचं मत मंत्र्याला हवं होतं. वोलोतल्या शेतकऱ्याचं मत इथिओपियाच्या सम्राटाला नको होतं, कारण ते मागायचीच पद्धत नव्हती.

होदेदाच्या क्रेनचं पुढे काय झालं ते राहिलं. जागतिक अन्न कार्यक्रमाने मोडलेल्यांच्या जागी चार फिरत्या क्रेन घेतल्या. त्या घेऊन जहाज जानेवारी २०१७ मध्ये येमेनच्या किनाऱ्याजवळ आलं, बंदरात शिरायची परवानगी मिळाली नाही, आणि ते परत फिरलं. क्रेन दुबईत ठेवल्या गेल्या. त्या होदेदाच्या धक्क्यावर उतरल्या जानेवारी २०१८ मध्ये. मधल्या त्या वर्षात येमेनमध्ये पाऊस किती पडला याची चौकशी कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.